खिडक्यांची फेरी आणि माझे दर यांच्या व्यवस्थेबाबत

मी, खाली सही करणारा, ज्याला या भागातली घरे काचवाले म्हणून ओळखतात, धंदा स्वतःचा, खिडक्या पुसण्याचा, असे लिहून ठेवतो की माझी कंबर आणि डावा पाय कामातून गेले आहेत, डोके गेलेले नाही. हे मृत्युपत्र मी कोणाच्या धाकाने, आग्रहाने किंवा लाडीगोडीने करत नाही. मी शुद्धीवर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. दाखला देण्याआधी त्यांनी मला आज वार कोणता असे विचारले. वार मी बरोबर सांगितला, आणि त्यांच्या दवाखान्याच्या दर्शनी काचेवर जुन्या जाहिरातीचा चिकटा अजून तसाच आहे, हेही सांगितले. त्यांनी लगेच सही केली.

वकीलबाई समोर बसून मसुदा करत आहेत. थोडक्यात लिहावे असे त्यांचे म्हणणे आहे. मी आयुष्यभर थोडक्यात बोललो, तेव्हा हे एकदा लांबले तर त्यांनी सांभाळून घ्यावे.

कलम १. यापूर्वीचे मृत्युपत्र रद्द

यापूर्वी केलेले मृत्युपत्र मी या लेखाने रद्द करतो. त्यात मी असे लिहिले होते की माझी फेरी, म्हणजे ठरलेल्या रस्त्यांवरची माझी नेहमीची गिऱ्हाइके, माझ्या पश्चात मोठ्या सफाई कंपनीला विकावी आणि आलेली रक्कम मुलगी व मुलगा यांनी सारखी वाटून घ्यावी. आमच्या धंद्यात फेरी विकता येते. शिडी आणि बादली कोणीही विकत घेईल, पण महिन्याच्या महिन्याला दार उघडणारी घरे हीच खरी मिळकत असते.

ते मृत्युपत्र मी रागाच्या भरात केले होते. मी शिडीवरून पडल्यापासून फेरी माझी मुलगी एकटी सांभाळते. तिला काच पुसता येते, दर लावता येत नाही, असे माझे ठाम मत झाले होते. तिच्या हाती फेरी गेली तर गिऱ्हाइके एकेक करून गळतील आणि शेवटी विकायलाही काही उरणार नाही, या भीतीने मी तिच्या तोंडचा घास काढून कंपनीला द्यायला निघालो होतो. हे तिला अजून माहीत नाही. हा लेख वाचला जाईल तेव्हा कळेल, आणि तिला वाईट वाटेल. पण रद्द केलेला कागद कुठून तरी पुढे येतोच, म्हणून माझ्याच तोंडून कळावे.

कलम २. घर

राहते घर, म्हणजे खालच्या दोन खोल्या, वरची खोली आणि मागचे फरसबंद अंगण, मुलगी व मुलगा यांना समान हिश्श्याने द्यावे. मुलगी तिथेच राहते, तिला हवे तोवर तिने राहावे, आणि मुलाने तिच्याकडे भाडे मागू नये. तो मागणार नाही. वकीलबाईंनी लिहायला लावले म्हणून लिहिले.

कलम ३. शिल्लक

बँकेतली सगळी शिल्लक आणि विम्याची रक्कम मुलाला द्यावी. फेरीतला त्याचा वाटा मी काढून घेत आहे, त्याच्या बदल्यात हे आहे. भरपाई पुरेशी नाही, याची मला कल्पना आहे.

माझा मुलगा लोभी नाही, हे इथे स्पष्ट नोंदवतो. फेरी विकावी असा धोशा त्यानेच लावला होता, हे खरे आहे. कचेरीतून सुटला की माझ्या खाटेशी बसायचा आणि एकच गोष्ट सांगायचा. "बाबा, विकून टाका ते सगळं. ताईला आधी खाली उतरवा." मला वाटायचे, याला बहिणीच्या शिडीची लाज वाटते. तसे नव्हते. मी इस्पितळात होतो तेव्हा माझे कपडे त्याने घरी नेऊन धुतले होते. जो मुलगा बापाच्या सदऱ्यावरचे रक्त स्वतःच्या हाताने धुतो, त्याला शिडी दिसली की काय दिसत असेल, हे मला उशिरा कळले.

कलम ४. हत्यारे

बादल्या, वायपर, रबरी पट्ट्या, खरवडायच्या पात्या, फडकी आणि हातगाडी मुलीची. यातले बरेचसे तिने आधीच टाकून देऊन नवीन घेतले आहे, तेव्हा हे कलम नावापुरते आहे.

लाकडी मोठी शिडी कोणालाही देऊ नये, विकू नये, शेजाऱ्यांना उसनीही देऊ नये. करवतीने कापून टाकावी.

पितळी मुठीचा वायपर माझ्या धाकट्या भावाला द्यावा. आमच्यात बोलणे नाही, त्यामुळे तो मागायला येणार नाही. मुलाने त्याच्या घरी नेऊन द्यावा आणि चहाला बसावे. हा वायपर आम्ही दोघांनी पहिल्या कमाईतून घेतला होता, आणि मूठ कोणी धरायची यावरून रोज भांडलो होतो.

भावाचा विषय निघाला आहे तर तोही मिटवतो. आम्ही धंदा एकत्र सुरू केला. एक जण वर चढायचा, दुसरा खाली शिडी धरायचा, दुपारनंतर अदलाबदल. भांडण झाले ते दरावरून. तो पडदे बघून दर सांगायचा. दारात गाडी दिसली की दर चढला, मालकिणीच्या पायात फाटकी चप्पल दिसली की उतरला. "दादा, काच सगळ्यांची सारखीच असते रे, माणूस बघायचा असतो," असे तो म्हणायचा. काच सारखी म्हणून दरही सारखा, असे मी म्हणायचो. इथवर ठीक होते, भावाभावांत इतके चालते.

मग एका सकाळी मी तापाने पडलो असताना तो दुकानांच्या रस्त्यावर एकटाच गेला आणि प्रत्येक दुकानदाराला निम्मा दर सांगून आला. सगळा रस्ता त्याच्या नावावर झाला. मी बरा होऊन गेलो तर चपलांच्या दुकानाचे मालक हसत म्हणाले, "काय राव, तुमच्याच भावानं निम्म्यात घेतलंय की! आजवर आम्हाला लुबाडत होतात म्हणायचं!" निम्म्या दरात तो टिकला नाही. घाईघाईने पुसून कडांना पाण्याचे ओघळ सोडायचा, आणि सहा महिन्यांत कंटाळून माल पोचवायच्या गाडीवर चालक म्हणून गेला. तो गेला, त्याचा दर तिथेच राहिला. त्या रस्त्याने पुन्हा कधी पहिला दर दिला नाही. लोकांना राग भावाने भावाचे गिऱ्हाईक तोडले याचा वाटतो. मला राग आहे तो त्याने काम करणाऱ्या सगळ्यांचाच भाव पाडून ठेवला याचा. तो राग मी सोडतो असे लिहायला वकीलबाई सुचवत आहेत. कमी झाला आहे, इतकेच लिहावे.

कलम ५. दर लावण्याची माझी पद्धत

मालमत्तेच्या यादीत ही येत नाही, असे वकीलबाई म्हणतात. माझ्या मते माझ्याकडे दुसरी मालमत्ताच नाही.

फोनवर मी कधी दर सांगितला नाही. माणसाला स्वतःच्या घराच्या खिडक्या मोजता येत नाहीत. जिन्यावरची आणि न्हाणीघराची तो हटकून विसरतो, आणि एका खिडकीत तावदाने किती, हे तर त्याच्या गावीही नसते. म्हणून आधी घर बघायचे, आणि तेही उन्हाने काच चमकत नसताना. पहिल्या खेपेचा दर नेहमीच्या दीडपट, कारण रंगाचे थेंब, सिमेंटचे शिंतोडे आणि वर्षांची माती पहिल्याच खेपेला निघते. दर वाढवायचा तर काम सुरू करण्याआधी सांगायचा. काम झाल्यावर सांगितलेला वाढीव दर म्हणजे खिसा कापणे. चुकून कमी सांगितला गेला, तर दात ओठ खात त्याच दरात काम पुरे करायचे.

आणि दर एकदा सांगितला की गप्प बसायचे. यात भलेभले चुकतात. गिऱ्हाईक काही बोलत नाही, वर बघत राहते. तेवढी शांतता सहन होत नाही आणि आपणच बोलून जातो, "तसं थोडं इकडेतिकडे करू." तिथेच दर गेला. मुलीला मी ही एकच गोष्ट रागावून शिकवली, बाकी तिने बघून उचलले.

दरात मी तावदाने धरायचो, उंची धरायचो, मळ धरायचो. पडदे, गाडी, चपला धरत नव्हतो. माझ्याइतका सरळ दर या भागात कोणाचा नाही, याचा मला अभिमान होता.

कलम ६. मुख्याध्यापिकाबाईंचे घर

निवृत्त मुख्याध्यापिकाबाई हे माझे सर्वांत जुने गिऱ्हाईक. त्यांच्या घराच्या मागच्या अंगाला उतरती, शेवाळलेली बोळ आहे. तिथे शिडीच्या एका पायाखाली मी गोणपाट दुमडून घालायचो आणि चढायचो. वर्षानुवर्षे चढलो. एक दिवस गोणपाट सरकले. बाकीचे सगळ्यांना माहीत आहे.

मी घरी आलो, मुलीने फेरी हाती घेतली, आणि महिनाभरात बाईंचा फोन आला. आवाज थंड होता. "तुमच्या मुलीनं दर दीडपट सांगितला. घर तेच, काचा त्याच. तुमच्या पडण्याची भरपाई आमच्याकडून काढताय का?" मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. मी माफी मागितली आणि जुन्याच दरात काम होईल असा शब्द दिला.

रात्रीच्या जेवणाआधी मुलगी वर आली तेव्हा मी तिला वाटेल ते बोललो. काकाच्या वळणावर गेलीस, म्हणालो. पडदे बघून दर लावायला लागलीस, म्हणालो. ती दारात उभी राहून ऐकत होती. शेवटी म्हणाली, "जुन्या दरात मी तिथे चढणार नाही, बाबा. तुम्ही शब्द दिलात, तुम्ही बघा." आणि खाली गेली. ते घर सुटले. पाठोपाठ आणखी काही घरांतून तशाच तक्रारी आल्या. कुठे दर जुनाच, कुठे अचानक सव्वापट, कुठे दीडपट. मला त्यात काही सूत्र दिसेना. लहर दिसली. त्याच आठवड्यात मी वकीलबाईंना बोलावून पहिले मृत्युपत्र केले.

कलम ७. या खोलीची खिडकी

न्हाणीघर वरच असल्याने मला वरच्या खोलीत ठेवले आहे. खाटेला लागून असलेल्या खिडकीचे तावदान उघडत नाही, ते बाहेरून शिडी लावूनच पुसावे लागते. मी पडल्यापासून ते कोणी पुसले नव्हते. मला दिवसभर तेच बघायचे असते, आणि मळकी काच बघत पडून राहणे माझ्यासारख्याला काय वाटते हे सांगायला नको. गेल्या महिन्यात एका सकाळी मी मुलीला म्हणालो, "अगं, सगळ्या जगाच्या काचा पुसतेस. बापाची एक काच बघ की."

बघते म्हणाली आणि खाली गेली. आता बादलीचा आवाज येईल म्हणून मी वाट पाहत राहिलो. आला नाही. मान उंच करून पाहिले तर ती अंगणात उभी होती आणि काचेकडे बघतच नव्हती. खाली बघत होती. एकेका फरशीवर टाच देऊन, ती हलते का ते पाहत होती. शिडी लावली, हलवून पाहिली, काढली. मग वर येऊन तिने मला दर सांगितला. मी त्या काचेला जो लावला असता त्याच्या दुप्पट.

"बापाकडून दुप्पट?" मी म्हणालो.

ती गप्प.

"अगं, एक तर काच आहे!"

तरी गप्प. माझ्याकडे बघत उभी राहिली, नजर न हलवता. ती शांतता मीच तिला शिकवलेली. आयुष्यात पहिल्यांदा मी त्या शांततेच्या दुसऱ्या बाजूला होतो, आणि सांगतो, ती सोसत नाही. मी चडफडत उशीखालचे पाकीट काढले आणि पैसे दिले, कारण काच घाण होती आणि मला ती स्वच्छ हवी होती. गिऱ्हाईकही असेच ठरवते.

तिने पैसे नीट घेतले आणि बाहेर गेली. परत आली ती शेजारच्या रंगाऱ्याला घेऊन. हा गृहस्थ घरे रंगवतो, सध्या त्याला काम कमी आहे. मी दिलेल्या पैशातले निम्मे तिने माझ्या खिडकीखालीच त्याच्या हातात ठेवले. त्याने उखडलेल्या फरशीवर फळी टाकली, शिडीचे पाय त्यावर घेतले, आणि दोन्ही हातांनी शिडी धरून, पाय रोवून उभा राहिला. मुलगी वर चढली. काचेपलीकडे तिचा चेहरा आला. तिने काच चारही कोपऱ्यांसकट पुसली, उतरली, आणि रंगाऱ्याने शिडी सोडली.

मी तिला वर बोलावले. "हा कधीपासून येतो?"

"तुम्ही इस्पितळातून आलात तेव्हापासून. सगळीकडे नाही येत. जिथे जमीन चांगली नाही तिथेच."

"आणि त्याचे पैसे?"

"दरात धरते."

"मग मला बोलली का नाहीस?"

"तुम्ही दर ऐकून ओरडलात, बाबा. कशाचा ते विचारलंतच नाही." मग म्हणाली, "आणि खाली माणूस ठेवणारा अर्धाच काचवाला, हे तुम्हीच म्हणायचात ना?"

म्हणायचो. भाऊ गेल्यानंतर म्हणायला लागलो.

रंगारी दारात पाय पुसत उभा होता. त्याने सहज विचारले, "काका, तुमच्याबरोबर कोण असायचं?"

मी म्हणालो, "आधी भाऊ होता. नंतर कोणी नाही."

तो फळी उचलायला खाली गेला. पण त्या दिवशी दुपारभर मी स्वच्छ काचेतून बाहेर बघत पडलो होतो आणि माझ्याच दराचा हिशेब मला पहिल्यांदा लागत होता. भावाने निम्मा दर केला तेव्हा त्या रस्त्यावर टिकायला मीही दर उतरवला होता. उतरवला कसा? खालच्या माणसाचा वाटा काढून टाकला. दोघांचा दर एकट्याचा केला, मग तोच सगळ्या घरांना लावला आणि त्याला सरळ दर म्हणत राहिलो. तावदाने धरली, उंची धरली, मळ धरला. माझा जीव धरला नाही. मुख्याध्यापिकाबाईंना तो कधी लावलाच नव्हता, तेव्हा मुलीने लावला तर त्यांना महाग वाटणारच. यात त्यांचा दोष नाही.

माझ्या मुलीला दर लावता येतो. माझ्यापेक्षा चांगला येतो. हे वाक्य वकीलबाईंनी वेगळ्या ओळीत घ्यावे अशी माझी इच्छा आहे. तिच्या तोंडावर मला ते अजून म्हणता आलेले नाही.

कलम ८. फेरी, आणि माझे दर

माझी सगळी फेरी, ज्या रस्त्यांवर ती आज आहे त्या सर्व रस्त्यांसह, पूर्णपणे आणि कोणत्याही अटीशिवाय माझ्या मुलीला द्यावी. कंपनीचा फेरीशी काही संबंध राहणार नाही. मुलाने या कलमाला हरकत घेऊ नये. शिडीखाली माणूस उभा असतो, हे त्याने एकदा स्वतः जाऊन बघून यावे, म्हणजे त्याला झोप लागेल.

फेरीसोबत माझे दर जात नाहीत. ते माझ्याबरोबर संपले असे समजावे. कोणा गिऱ्हाइकाने "तुमच्या वडिलांचा दर इतका होता" असे म्हटले, तर मुलीने त्याला हे कलम दाखवावे. मी कोणाला आयुष्यभराचा शब्द दिला असेल, मुख्याध्यापिकाबाईंना दिलेला धरून, तर तो माझा होता. तिने तो पाळायचा नाही.

फेरी तिला नको असेल तर तिने ती सोडावी, विकावी, वाटून टाकावी. ज्या घराची जमीन तिला पटणार नाही तिथून शिडी खांद्यावर टाकून निघून यावे, मग ते घर कितीही जुने असो. लोक म्हणतील, बापाची गिऱ्हाइके घालवली. म्हणू द्यावे. माझे नाव राखण्यासाठी तिने शिडीची एक पायरीसुद्धा चढू नये.

या मृत्युपत्राच्या व्यवस्थापक म्हणून वकीलबाईंना नेमतो. त्यांची फी त्यांनी स्वतः सांगितली आणि सांगून गप्प बसल्या, म्हणून मान्य केली.

वरचा सर्व मजकूर मला मोठ्याने वाचून दाखवण्यात आला. तो माझा आहे, बरोबर आहे, आणि मी खालील दोघांच्या डोळ्यांदेखत सही करत आहे. या दोघांना या लेखातून काही मिळत नाही. मुलगी सहीच्या वेळी घरात नाही, ती कामावर आहे.

सही: काचवाले

साक्षीदार पहिले: हार्डवेअरचे दुकानदार. यांनी मजकूर ऐकून, फळी मजबूत नाही, जाड घ्या, एवढेच म्हटले.

साक्षीदार दुसरे: शेजारचे रंगारी. सही करून लगेच निघाले. मुलगी आज पुढच्या रस्त्यावर आहे आणि तिथे उतार आहे.

ठिकाण: राहते घर, वरची खोली

दिनांक: महिन्याचा पहिला सोमवार, फेरीचा पहिला दिवस